दोघांचा फोटो, भिलाईतला

साखरपुडा उरकला की पूर्वी हॉल, आचारी आणि पत्रिका या क्रमाने बोलणी सुरू व्हायची. आता त्यांच्याही आधी फोटोंचा विषय निघतो. ठरलेल्या मुलामुलीने एक दिवस फोटोग्राफरबरोबर बाहेर पडायचं, कपडे बदलत चार ठिकाणी हिंडायचं आणि लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायचे. सगळे त्याला प्री-वेडिंगच म्हणतात. घरातल्या मोठ्यांना ते फारसं रुचत नाही. भोपाळमध्ये २०१९ साली गुजराती, जैन आणि सिंधी समाजाच्या संघटनांनी असं शूटिंग करू नये असं जाहीर केलं. २०२५ मध्ये अहिल्यानगरला मराठा समाजाच्या बैठकीत लग्नासाठी आचारसंहिता ठरली, तिच्यातही प्री-वेडिंगला नकार होता.

मला ठराव करून घातलेली बंदी पटत नाही. दोन सज्ञान माणसांनी आपला फोटो कसा काढावा हे बैठकीने ठरवू नये. पण पुण्यापासून रायपूरपर्यंत तेच लांब झगे, तोच रंगीत धूर आणि डोक्यावर तोच ड्रोन पाहिला की बंदी घालणाऱ्यांची चीड समजते. या दोन टोकांच्या मधे बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते ज्यांचं लग्न आहे त्यांनी बोलावं. म्हणून इथे दोघांना बोलतं केलं आहे. दोघंही माझ्या मनातली, पण भिलाईच्या कुठल्याही स्ट्रीटवर भेटतील अशी.

तो भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये आहे, शिफ्ट ड्यूटीवर. ती सेक्टर ६ मध्ये वाढली, आता नागपूरला नोकरी करते. दोघांचेही आजोबा विदर्भातून इथे आले. १९५५ साली सोव्हिएत संघाशी भिलाईच्या कारखान्याचा करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नव्याने आखणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि भिलाईचा कारभार भोपाळहून चालू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तोवर ही माणसं परप्रांतात गेलेली होती, तीही घर न बदलता. अशा घरांतल्या मराठीत थोडं नागपूर असतं आणि थोडी हिंदी.

तो : मला एक सांग, आणखी फोटो कशाला हवेत? साखरपुड्याचे निघालेच नं. ओटी भरतानाचे, अंगठीचे, जेवणाच्या पंगतीचे. तुझ्या मामाने एकट्याने मोबाइल भरला.

ती : त्या सगळ्यांत आपण दोघं कुठे आहोत ते शोध. तू तुझ्या काकांबरोबर आहेस, मी तुझ्या आईंबरोबर आहे. दोघं शेजारी आहोत तिथे मधे कुणाचा तरी आशीर्वादाचा हात आहे. तू माझ्याकडे एकदाही पाहिलेलं नाहीस.

तो : सगळे समोर उभे असताना कुठे बघणार?

ती : म्हणून एक संध्याकाळ हवी. सगळे समोर नसलेली.

तो : त्यांच्या जागी फोटोग्राफर येतो आणि लाइट धरणारी त्याची दोन पोरं. परवा माझ्या मित्राचं शूट झालं. त्याला सांगून राहिले होते, ‘सर, मॅडमच्या कपाळाला कपाळ लावा, डोळे मिटा, आता हसा.’ डोळे मिटून कशाला हसेल माणूस? तो बिचारा हसला. फोटोत तो मला ओळखूच आला नाही. लग्न माझं आहे, मी नट नाही.

ती : तुमच्या बैठकीतला तुझ्या आजी-आजोबांचा फोटो डोळ्यांसमोर आण. आजोबा खुर्चीत, आजी उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर. मागच्या पडद्यावर जिना रंगवलाय, कमळांचं तळं आहे, हंस आहेत. तुमच्या यवतमाळकडच्या गावात हंस होते?

तो : नागपूरच्या स्टुडिओतला आहे तो.

ती : मग तो खोटा म्हणून कुणी भिंतीवरून उतरवला का?

तो : नाही. पण आजोबांनी तिथे काही करून दाखवलं नाही. बसले, बस्स. पडदा खोटा होता, माणसं खरी होती. आता जागा खरी असते आणि माणसं खोटी वागतात.

त्याचं हे म्हणणं वजनदार आहे. त्यात एक तांत्रिक गोष्टही मिसळायला हवी. जुन्या स्टुडिओतला प्रकाश अपुरा आणि काच किंवा फिल्म मंद असायची. माणूस हलला की चेहरा पुसट यायचा. आजोबांचा करारी चेहरा आपण स्वभावाचा म्हणून बघतो, त्यातला काही भाग श्वास रोखून धरल्याचा असतो. पुढे कॅमेरे जलद झाले आणि हलण्याची मुभा मिळाली. मुभा मिळाली तसा कसं हलायचं हे सांगणाराही आला.

आपल्याकडे कॅमेरा फार लवकर आला. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी होते. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी बडोद्याला फोटोग्राफर होते, आणि कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो या समजुतीमुळे तिथे गिऱ्हाइकं बिचकत, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहताना आपलं काहीतरी जाईल ही भीती जुनीच आहे. भिलाईच्या या मुलाची आजची भीती त्याच जातीची आहे, आणि मला ती आदराने ऐकावीशी वाटते.

पण तिच्याकडे असं एक कारण आहे की जे त्याला ठाऊक नव्हतं.

ती : मी तुला आत्याचा फोटो दाखवला नाही कधी. लग्नासाठी काढलेला. दुर्गच्या स्टुडिओत नेऊन उभी केली होती. आईची बनारसी, केसांत गजरा, हाताशी उंच स्टुलावर फुलदाणीत प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ. पायही दिसले पाहिजेत म्हणून पूर्ण उंचीचा फोटो. तो पत्रिकेच्या कागदाला टाचून मध्यस्थाकडे द्यायचे. लोक बघायचे, नकार कळवायचे, फोटो परत यायचा. पुन्हा दुसऱ्या घरी. माझ्याकडे आहे तो. वरच्या डाव्या कोपऱ्यात एकमेकांशेजारी भोकंच भोकं आहेत, टाचणीची, पिनेची, आणि त्यांच्याभोवती गंजाचा पिवळा डाग. एका कोपऱ्यातून तडाही गेलाय, आत्याच्या खांद्यापर्यंत.

तो : आत्याने ठेवलाय तो?

ती : आजीने ठेवला होता, पेटीत. आत्या बघत नाही त्याच्याकडे. तुला कळतंय का मी काय म्हणते? आमच्या घरात लग्नाआधी बाईचा फोटो निघाला तो दुसऱ्याने पसंत करावं म्हणून. एकटीचा. माझाही बायोडाटावाला फोटो आहेच, तुझ्या आईंनी तो बघितलाय, दोन जणांना पाठवलाही असेल. मला आता असा फोटो हवा आहे की ज्यात मी कुणाच्या पसंतीसाठी उभी नाही. ठरलंय सगळं. मी माझ्या मर्जीने तुझ्याशेजारी उभी आहे.

तो : हे तू आधी का नाही सांगितलं?

ती : तू खर्च विचारलास पहिल्यांदा.

इथे माझा कौल तिच्या बाजूला पडतो. प्री-वेडिंग ही नुसती हौस आहे असं म्हणणाऱ्यांनी घरातल्या आत्या-मावशांचे ते उभे फोटो काढून बघावेत. त्यांच्या पाठीवर उंची, रंग आणि शिक्षण पेनने लिहिलेलं सापडतं. त्या फोटोंवर कुठल्या बैठकीने ठराव केल्याचं मी वाचलेलं नाही. लग्नाआधीच्या फोटोत शेजारी जोडीदार आला, ही मुलीच्या दृष्टीने मोठी घटना आहे, आणि ती नीट, विचार करून साजरी व्हावी.

मग प्रश्न जागेचा.

ती : नवा रायपूरला जाऊ. मोठे रस्ते आहेत, तळी आहेत, पुरखौती मुक्तांगण आहे. आता तर नुसते सेट उभारून भाड्याने देणारेही आहेत. लंडनचा टेलिफोन बूथ, फुलांचा झोपाळा, सगळं एका आवारात.

तो : लंडनच्या बूथमधून मी कुणाला फोन करू? तू आत्ता हंस काढले होते नं, ते परत आले बघ. काढायचेच असतील तर भिलाईत काढू. दुसरीकडे मी येणार नाही.

ती : भिलाईत काय आहे?

तो : आपण आहोत.

ती : ठीक आहे, सांग मग. कुठे? प्लांट?

तो : प्लांटमध्ये फोटो काढता येत नाही, गेटवर सीआयएसएफ उभी असते. आणि काढू नयेच. पण वाईट वाटतं, खरंच. तुला दाखवावंसं वाटतं. आमच्याकडे एकशे तीस मीटरचा रूळ एका तुकड्यात निघतो. लाल असतो, रोलरवरून धावत येतो, आणि शेवट दिसेपर्यंत मान वळवावी लागते. मग असे दोन जोडून दोनशे साठ मीटरचा करतात आणि तो वाघिणींच्या रांगेवर लादून रवाना होतो, वळणावर वाकत वाकत. तू नागपूरहून येतेस तेव्हा खालचा रूळ इथलाच असणार.

ती : मग रुळांवरच काढू एक. सगळे काढतात. हातात हात, लांब जाणारे रूळ.

तो : अजिबात नाही.

ती : एवढं काय?

तो : मी रूळ बनवतो म्हणून सांगून राहिलो. ही हावडा–नागपूर–मुंबई लाइन आहे. एका मालगाडीमागे दुसरी. वेगात येणारी गाडी समोरून जवळ येताना तिचा वेग कळत नाही, पाठमोऱ्या माणसाला तर आवाजही उशिरा लागतो. रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहे तो वेगळाच. रुळावर उभं राहून ज्यांनी फोटो काढले त्यांना रूळ म्हणजे काय ते माहीत नाही.

तो एवढं ठामपणे पहिल्यांदाच बोलला, आणि ते बरोबर आहे. जागा निवडताना ती कशी दिसते यापेक्षा तिथे काय चालतं हे आधी विचारावं. शिवनाथच्या काठाचंही तेच. हिवाळ्यात दुर्गजवळचं पात्र शांत दिसतं, एनीकटच्या भिंतीवर उभं राहून छान चौकट मिळते, पण शेवाळ्यावरून पाय घसरायला साडी आणि नवीन चप्पल पुरेशी असते.

ती : देवबलोदा?

तो : हां, ते चालेल. पण लग्नाचे कपडे घालून नाही.

देवबलोद्याचं शिवमंदिर भिलाई-३ च्या बाजूला, चरोद्याजवळ आहे. कलचुरी काळातलं, साधारण तेराव्या शतकातलं, लालसर दगडाचं. शिखर अपुरं आहे आणि शेजारी कुंड आहे. सहा महिन्यांत बांधलं म्हणून लोक त्याला छमासी म्हणतात, आणि ते अपुरं का राहिलं याची गोष्ट गावातला कुणीही सांगतो. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो घेणं वेगळं, तिकाटणी, दिवे आणि व्हिडिओची मंडळी घेऊन जाणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी परवानगी लागते. आणि ते चालतं देऊळ आहे. पिंडीवर पाणी घालायला आलेल्या बाईला ‘मावशी, जरा बाजूला’ म्हणावं लागणार असेल तर तिथे शूट करू नये असं माझं मत आहे. दर्शनाला जावं, बाहेरच्या कट्ट्यावर बसावं, त्यात एखादा फोटो निघाला तर निघाला.

ती : मैत्रीबाग नको. लहानपणी इतक्यांदा गेलोय.

तो : म्हणून तर हो म्हणायला पाहिजे. शाळेच्या सहलीतला तुझा फोटो आहे नं, पांढऱ्या वाघाच्या पिंजऱ्यासमोरचा?

ती : दोन वेण्या आणि तोंडात बोट. तो कुणाला दाखवायचा नाही.

तो : माझाही तिथलाच आहे. तीच जाळी. आपण एकमेकांना ओळखत नव्हतो आणि दोघांचे फोटो एका जागी आहेत.

मैत्रीबाग १९७२ ची. भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाने प्लांटनेच उभी केली आणि प्लांटच चालवतो. भिलाईत वाढलेल्या बहुतेक माणसांच्या अल्बममध्ये तिचं एखादं पान असतं, मग ते घर मराठी असो, मल्याळी, तेलुगू, बंगाली की पंजाबी. अशी जागा नवीन दिसत नाही हे तिचं म्हणणं खरं आहे. पण लग्नाचा फोटो नवीन दिसावा असा आग्रह का धरावा? रविवारी मात्र तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि फोटो काढणाऱ्या जोडीभोवती बघे जमतात. जायचं तर आडवारी.

ती : मला एक जागा हवी आहे. बाकी तू म्हणशील ते.

तो : बोल.

ती : आमचं क्वार्टर. बाबा मे महिन्यात रिटायर होतात. ते क्वार्टर कंपनीला परत करायचं आणि नागपूरला जायचं ठरलंय. मी लग्न होऊन येईन तोपर्यंत तिथे दुसरं कुणी राहत असेल. समोरचा पारिजात आईने लावलाय. व्हरांड्याच्या जाळीला मी आणि दादाने पत्र्याच्या डब्यात घालून टांगलेली मनी प्लांट आता छतावर चढलीय. दाराच्या चौकटीवर बाबांनी आमची उंची खिळ्याने कोरून ठेवलीय, दरवर्षी गुढीपाडव्याला. दादाच्या रेघा डावीकडे, माझ्या उजवीकडे. ती चौकट काही काढून नेता येणार नाही.

तो : मग बाकी काही नको. तिथेच काढू.

ती : लोक म्हणतील, क्वार्टरपुढे उभं राहून प्री-वेडिंग.

तो : म्हणू दे.

टाउनशिपमध्ये घर आपलं असून आपलं नसतं. भिलाईतल्या हजारो कुटुंबांची आयुष्यं अशा घरांत गेली की ज्यांचा पत्ता सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर एवढाच, आणि नोकरी संपली की किल्ली परत. काहींनी लीजवर घेतली, बाकीचे मूळ गावी गेले, किंवा मूळ गावच उरलं नाही म्हणून रायपूर-दुर्गला फ्लॅट घेऊन राहिले. झाड लावायचं, वेल चढवायची आणि सोडून जायचं. या माणसांकडे लग्नाचे फोटो ढीगभर असतात, घराचा मात्र एकही धड नसतो. घर फक्त मागे, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोत, अर्धवट दिसतं. त्या दृष्टीने तिने मागितलेली जागा मला नवा रायपूरच्या कुठल्याही तळ्यापेक्षा मोलाची वाटते.

जागा ठरली की बाकीचं सोपं होतं, पण सोपं म्हणून सोडायचं नाही.

तो : माझी फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हाच. सहाला जातो, दोनला सुटतो. नाइट करून आलो तर डोळे लाल दिसतील. सेकंड शिफ्टला तर दिवसच जातो.

ती : दोनला सुटून, आंघोळ, जेवण, साडेतीन. डिसेंबरअखेर साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. पावणेचार ते सव्वापाच एवढाच चांगला उजेड. भर दुपारी ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांखाली काळी सावली पडते, चेहरा आजारी दिसतो. तिरपा उजेड आला की पारिजाताची पानंसुद्धा चमकतात.

तो : दीड तासात होईल?

ती : एकच जागा असेल तर होईल. चार जागा म्हटल्या की दीड तास गाडीतच जातो. आणि साडी गाडीत बदलता येत नाही. मला नऊवारी नेसायची आहे, ती आई नेसवणार, घरात. कपडे बदलायला कुठे जायचं हा प्रश्न फोटोग्राफर कधी विचारत नाहीत. मैत्रिणीने गाडीच्या मागच्या सीटवर, बाहेर ओढणी धरून बदललं होतं. किती लाजिरवाणं.

तो : तारीख?

ती : पौषात. आपल्याकडे पौषात लग्नं नाहीत, इकडच्या लोकांचा तेव्हाच खरमास असतो. फोटोग्राफर रिकामे असतात, घाई करत नाहीत, पैसेही जरा कमी सांगतात.

तो : आई म्हणेल, पौषात शुभकार्य कसं?

ती : फोटो काढायला मुहूर्त लागत नाही. नाही तर तू सांग त्यांना, तुझं ऐकतात.

कपाळाला कपाळ लावण्याच्या त्याच्या अडचणीवरही उपाय आहे, तो भिंगाचा. फोटोग्राफरला आधी सांगावं की लांबून काढ. ८५ किंवा १३५ मिलिमीटरची लेन्स लावली की पंधरा-वीस फुटांवरून चेहरे टिपता येतात. एवढं अंतर असलं की आपण काय बोलतोय ते त्याला ऐकू येत नाही आणि बोलणं मोकळं होतं. घर, झाड, व्हरांडा हवा असेल तेव्हा ३५ ची लेन्स लावून त्याने जवळ यावं. दुसरं असं की उभं राहण्याऐवजी काहीतरी काम हाती घ्यावं. पारिजाताची फुलं हिवाळ्यात फारशी उरत नाहीत, पण खालचा पालापाचोळा झाडता येतो, व्हरांड्यात चहा पिता येतो, सेंट्रल एव्हेन्यूवर झाडांखालून सायकल हातात धरून चालता येतं. हाताला काम असलं की चेहरा आपोआप स्वतःचा होतो. चांगल्या फोटोग्राफरला हे सांगावं लागत नाही. ज्याला सांगूनही कळत नाही तो आपला नव्हे.

पैशांचं बोलणं त्यांचं लवकर आटोपलं. ड्रोन नाही, म्हणजे हवाई हद्दीच्या नकाशावर लाल-पिवळा-हिरवा पट्टा शोधायची भानगडही नाही. एक माणूस, एक दुपार, निम्मे पैसे तिचे, निम्मे त्याचे. याबद्दल दोन्ही घरांना विचारलं नाही, हे मला विशेष आवडलं. दोघांनी मिळून ठरवलेला आणि स्वतःच्या कमाईतून केलेला हा त्यांचा पहिला खर्च आहे, आणि पुढच्या संसारात कोण काय सोडतं, कशावर अडून बसतं, हे त्यांना या निमित्ताने लग्नाआधीच कळलं.

अडले ते शेवटच्या मुद्द्यावर.

तो : नेटवर टाकायचे नाहीत.

ती : एकही नाही?

तो : लग्न होईपर्यंत एकही नाही. नंतरचं नंतर. फोटोग्राफर लोक स्वतःच्या पेजवर टाकतात, रील बनवतात, वर गाणं लावतात. माझ्या मिलमधली पोरं मग महिनाभर ते गाणं म्हणतील.

ती : फोटोग्राफरने टाकायचे नाहीत हे लिहून घेता येतं. कायद्यात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम. आपण पैसे देऊन आपल्यासाठी फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसेल तोवर, त्याचे पहिले मालक आपण. फक्त त्यांच्या छापील फॉर्मवर न वाचता सही करायची नाही, त्यात बरेचदा उलटं लिहिलेलं असतं. किती फोटो देणार, कधी देणार, मूळ फाइल देणार का आणि आमच्या परवानगीशिवाय कुठे टाकणार नाही, एवढं एका कागदावर. अॅडव्हान्स त्यानंतर.

तो : तो झाला फोटोग्राफर. आणि तू?

ती : मी एक टाकणार. चौकटीशी आपण दोघं उभे असलेला. आत्या सुरतला असते, तिला दिसला पाहिजे.

तो : आत्याला पाठव की व्हॉट्सअॅपवर.

ती : आत्याला एकटीला पाठवायचा म्हणजे पुन्हा पाकिटात घालून देण्यासारखंच. मला तो सगळ्यांसमोर लावायचा आहे. कुणाची पसंती न मागता.

तो : आणि मला तो सगळ्यांनी बघायला नकोय. त्यात मीही आहे. माझंही काही असेल नं त्यात.

ती : आहे.

या जागी दोघांपैकी कुणाला चूक ठरवणं मला जमत नाही. दोघांच्या फोटोवर दोघांचा हक्क सारखा, म्हणून एकाचा नकार पुरेसा असावा, असं माझं मन सांगतं. पण ज्या बाईचा फोटो घराघरांतून टाचण्या खात फिरला तिच्या भाचीला आपला फोटो उजेडात लावावासा वाटतो, त्या इच्छेपुढे हा नियम मला थोडा अपुरा वाटतो. त्यांनीही तो प्रश्न त्या संध्याकाळी सोडवला नाही. फोटो निघू दे, हातात येऊ दे, मग बोलू, असं म्हणून ठेवून दिला. लग्न ठरलेल्या माणसांना सगळ्या गोष्टी एका बैठकीत मिटवाव्या लागत नाहीत.

तो : आणखी एक. शेवटची दहा मिनिटं राखून ठेव.

ती : कशाला?

तो : तुझ्या आई-बाबांसाठी. दोघांचाच, त्याच व्हरांड्यात. तुझ्या घरात सगळे अल्बम बघितले मी परवा. त्यांचा दोघांचा एकच फोटो आहे, लग्नातला, तोही मुंडावळ्यांनी निम्मा झाकलेला.

ती : बाबा तयार होणार नाहीत. म्हणतील, आमचं काय आता.

तो : लांबून काढायला सांगू. ते चहा पीत असतील.

ती : मग तुझ्याही आई-बाबांना बोलाव. नाही तर तुझी आई पुढे वर्षभर बोलून दाखवेल.

तो : बोलावतो. दहाची वीस मिनिटं कर, आणि फोटोग्राफरला आजच सांग, नाही तर तो ऐन वेळी जास्तीचे मागेल.